आयर्लंडमधील पूर्वजांचा शोध : आडनाव ज्ञात, गाव अज्ञात

डिसेंबर २०१९च्या अखेरीस आयर्लंडचे तत्कालीन पंतप्रधान लिओ वराडकर यांनी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्याच्या वराड या गावाला सहकुटुंब भेट दिली. त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर यांच्या घराण्याचे हे मूळ गाव. आपले पूर्वज कोणत्या गावचे, हे जाणून घेण्यासाठी वराडकर यांना एकही दप्तर चाळावे लागले नाही. गावाचे नाव त्यांच्या आडनावातच होते.

ज्या देशाचे त्यांनी नेतृत्व केले, त्या देशातून बाहेर पडलेल्यांच्या वंशजांची स्थिती मात्र नेमकी उलट आहे. जगभरात सुमारे ७ कोटी लोक आयरिश वंशाचे असल्याचा अंदाज आयर्लंडमध्ये सरकारी पातळीवर नेहमी दिला जातो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधून यांपैकी अनेक जण पूर्वजांच्या भूमीच्या दर्शनासाठी आयर्लंडला येतात. परंतु आयरिश आडनाव कुळ सांगते, गाव सांगत नाही. ‘ओ’ या उपपदाचा अर्थ नातू किंवा वंशज, तर ‘मॅक’चा अर्थ पुत्र. मर्फी, केली किंवा सुलिव्हान या आडनावांची हजारो कुटुंबे देशभर विखुरलेली आहेत. त्यामुळे या प्रवासातील पहिला आणि सर्वांत अवघड प्रश्न असतो : जायचे कोठे?

दुष्काळाने विस्कटलेली गावे

या प्रश्नाचे मूळ १९व्या शतकाच्या मध्यास पडलेल्या भीषण दुष्काळात आहे. १८४५ मध्ये बटाट्याच्या पिकावर करपा पडला. ग्रामीण गरिबांचे जवळजवळ संपूर्ण अन्न याच एका पिकावर अवलंबून होते. त्यानंतरच्या सुमारे सात वर्षांत १० लाख लोक उपासमारीने व रोगराईने मरण पावले आणि १० लाखांहून अधिक लोकांनी देश सोडला. १८४१च्या जनगणनेत आयर्लंड बेटाची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती. १८५१ मध्ये ती साडेपासष्ट लाखांवर आली. आजही आयर्लंडचे प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड यांची एकत्रित लोकसंख्या १८४१च्या आकड्यापर्यंत पोहोचलेली नाही.

देश सोडणाऱ्यांपैकी बहुतेक जण कूळ किंवा भूमिहीन मजूर होते. काहींना जमीनदारांनीच जहाजावर चढविले. रॉसकॉमन काउंटीतील स्ट्रोक्सटाउन येथील जहागिरीतून १८४७ मध्ये १,४९० कुळांना कॅनडाकडे पाठविण्यात आले. परदेशातील कागदपत्रांत अशा व्यक्तींच्या जन्मस्थानापुढे बहुधा ‘आयर्लंड’ एवढाच एक शब्द लिहिला गेला. पुढील पिढ्यांकडे तेवढाच वारसा आला.

१९२२ची आग

मायदेशातील नोंदींचीही मोठी हानी झाली. आयरिश यादवी युद्धात ३० जून १९२२ रोजी डब्लिनमधील फोर कोर्ट्स या न्यायालयीन संकुलात स्फोट होऊन आग लागली आणि तेथील सार्वजनिक अभिलेखागार भस्मसात झाले. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार जनगणनांची जवळजवळ सर्व पत्रके त्यात नष्ट झाली. १८६१ ते १८९१ या काळातील चार जनगणनांची पत्रके तर सरकारी आदेशानेच नष्ट करण्यात आली होती. परिणामी संपूर्ण स्वरूपात उपलब्ध असलेली सर्वांत जुनी जनगणना १९०१ची आहे.

प्रोटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडच्या अनेक नोंदवह्या सुरक्षिततेसाठी याच अभिलेखागारात जमा करण्यात आल्या होत्या, त्या जळाल्या. रोमन कॅथलिक चर्चच्या नोंदवह्यांना शासकीय दप्तराचा दर्जा नव्हता. त्या गावोगावच्या पाद्र्यांकडेच राहिल्या आणि म्हणूनच वाचल्या.

टाउनलँड : शोधाची किल्ली

आयर्लंडमधील जमिनीच्या सर्वांत लहान विभागाला टाउनलँड म्हणतात. नावात ‘टाउन’ असले तरी तेथे नगर असतेच असे नाही. महाराष्ट्रातील महसुली मौजाशी त्याची तुलना करता येईल. संपूर्ण बेटावर असे ६० हजारांहून अधिक विभाग असून त्यांपैकी अनेकांची नावे ‘बॅली’ या शब्दाने सुरू होतात. ‘वस्तीचे ठिकाण’ या अर्थाच्या ‘बाले’ या आयरिश शब्दाचे ते इंग्रजी रूप होय. एकाच नावाचे टाउनलँड निरनिराळ्या काउंट्यांत आढळतात. त्यामुळे केवळ नाव पुरेसे ठरत नाही. त्याचा पॅरिश, म्हणजे चर्चचा विभाग, आणि काउंटीही माहीत असावी लागते.

टाउनलँडचे नाव हाती आले की उरलेली दप्तरे बोलू लागतात. म्हणून प्रवासाचे तिकीट काढण्यापूर्वी हा शोध आपल्या घरापासून सुरू करावा, असा सल्ला जाणकार देतात. जुनी पत्रे, थडग्यावरील मजकूर, परदेशातील विवाहाची किंवा मृत्यूची नोंद, नागरिकत्वाचा अर्ज यांपैकी कशात तरी गावाचे नाव आलेले असू शकते. बाप्तिस्म्याच्या वेळी साक्षीदार म्हणून उभ्या राहिलेल्यांची नावेही उपयोगी पडतात. एकाच गावचे लोक परक्या देशातही शेजारी राहत.

उरलेली दप्तरे

जनगणनेची उणीव काही अंशी भरून काढणारे दप्तर म्हणजे रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात झालेले जमीन व घरांचे मूल्यांकन. कर आकारणीसाठी केलेल्या या यादीत प्रत्येक टाउनलँडमधील कब्जेदार, जमीनमालक, क्षेत्र आणि आकारणी यांची नोंद आहे. सातबारा उताऱ्याशी परिचित असलेल्या वाचकाला तिचे स्वरूप सहज उमगेल. यादीतील क्रमांक नकाशावरील तुकड्याशी जुळत असल्याने पूर्वजाचे घर नेमके कोठे होते, हे ठरविता येते. पुढील काळातील फेरफारांच्या वह्याही उपलब्ध आहेत. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, हे त्यांत निरनिराळ्या रंगांच्या शाईने नोंदविलेले दिसते.

कॅथलिक नोंदवह्यांची छायाचित्रे आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुलै २०१५ मध्ये इंटरनेटवर विनामूल्य खुली केली. अनेक नोंदी लॅटिनमध्ये असल्याने जेम्स तेथे ‘जेकोबस’ आणि विल्यम ‘गुलिएल्मस’ या रूपात भेटतो. सर्व धर्मीयांच्या जन्म, विवाह व मृत्यूची सरकारी नोंदणी १८६४ पासून सुरू झाली. जुन्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. उत्तर आयर्लंडसाठी बेलफास्ट येथील सार्वजनिक अभिलेख कार्यालय हे मुख्य केंद्र आहे.

१९०१ आणि १९११च्या जनगणनेची पत्रकेही विनामूल्य उपलब्ध आहेत. १९११च्या पत्रकात विवाहित स्त्रीला किती अपत्ये झाली आणि त्यांपैकी किती जिवंत आहेत, असा प्रश्न होता. या दोन आकड्यांमधील अंतर अनेक वंशजांना कोणत्याही वर्णनापेक्षा अधिक सांगून जाते. या दोन जनगणनांमध्ये अनेक वृद्धांचे वय दहा वर्षांऐवजी बारा-पंधरा वर्षांनी वाढलेले दिसते. जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरजूंना निवृत्तिवेतन मिळू लागले, हे त्यामागील एक कारण मानले जाते. त्या पिढीकडे जन्माचा सरकारी दाखला नव्हता. त्यामुळे अधिकारी वयाच्या पुराव्यासाठी १८४१ आणि १८५१च्या जनगणनेत अर्जदाराचे नाव शोधत. ती मूळ पत्रके जळाली, पण या शोधाचे अर्ज राहिले. काही कुटुंबांसाठी त्या जनगणनांचा तेवढाच अंश शिल्लक आहे.

जून २०२२ मध्ये, आगीच्या शतकपूर्तीच्या निमित्ताने, नष्ट झालेल्या अभिलेखागाराची संगणकीय पुनर्रचना जनतेसाठी खुली झाली. इतरत्र असलेल्या नकला व उतारे त्यासाठी एकत्र करण्यात आले.

गावात गेल्यावर

एवढे कागद घरबसल्या मिळत असतील तर प्रत्यक्ष जाण्याचे प्रयोजन काय? याचे उत्तर कागदाच्या मर्यादेत आहे. ग्रिफिथ यांच्या यादीत कब्जेदाराचे नाव येते, भूमिहीन मजुराचे बहुधा येत नाही. दुष्काळात मेलेल्या अनेकांची मृत्यूची नोंद कोठेच झाली नाही. कॉर्क काउंटीतील स्किबरीनजवळच्या ॲबीस्ट्रूरी दफनभूमीत ८ ते १० हजार दुष्काळबळी सामुदायिक खड्ड्यांत पुरलेले आहेत. तेथे नावे नाहीत.

अशा ठिकाणी स्थानिक स्मृती उपयोगी पडते. शेतांची नावे, पडक्या घरांची जोती आणि ती कोणाची होती याच्या आठवणी वृद्ध शेजाऱ्यांकडे असतात. काउंटी ग्रंथालयातील स्थानिक इतिहासाचा विभाग, वारसा केंद्र आणि पॅरिशचे पाद्री यांना आधी पत्राने कळवून गेल्यास भेट अधिक फलदायी ठरते. ऐन वेळी दार ठोठावणाऱ्या पाहुण्याला केवळ आडनावाच्या आधारे कोणीही मदत करू शकत नाही.

प्रसिद्ध व्यक्तींचे शोधही याच वाटेने गेले आहेत. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी जून १९६३ मध्ये वेक्सफर्ड काउंटीतील डंगनस्टाउन येथे पणजोबांच्या शेतावर राहणाऱ्या आप्तांसमवेत चहा घेतला. बराक ओबामा मे २०११ मध्ये ऑफली काउंटीतील मनीगॉल या खेड्यात गेले. त्यांच्या आईच्या कुळातील फाल्मथ केर्नी हा जोडे बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा १८५० मध्ये तेथून अमेरिकेला गेला होता. हा दुवा चर्चच्या स्थानिक नोंदवहीमुळे जुळला.

या शोधाला व्यावहारिक बाजूही आहे. आजी किंवा आजोबा यांपैकी एकाचा जन्म आयर्लंडमध्ये झाल्याचे सिद्ध करणाऱ्यास परदेशी जन्मनोंदणीद्वारे आयरिश नागरिकत्व मिळविता येते. मात्र येणाऱ्यांपैकी अनेकांचा संबंध त्याहून मागच्या पिढ्यांचा असतो आणि त्यांना कोणतेही पारपत्र मिळणार नसते. ते येतात ते एक टाउनलँड पाहण्यासाठी. तेथे बहुधा दगडी बांध, गवताने झाकलेले एखादे जोते आणि तेच आडनाव लावणारा, पण नाते सिद्ध न करता येणारा एखादा शेतकरी एवढेच असते. ‘आयर्लंड’ या एका शब्दावर थांबलेली कुटुंबाची कहाणी त्यामुळे एका ठिकाणापर्यंत पोहोचते.