पाठ केलेले बोट

कडबाकुट्टीने हात घेतलेली माणसे आपल्याला नवीन नाहीत. अशाच एका सभासदाच्या वस्तीवर आम्ही परवा गेलो होतो. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. उजवा हात मनगटापासून गेलेला. डाव्याची दोनच बोटे उरली, तीही वाकत नाहीत. पाण्याची पाळी, मजुरांची हजेरी, सगळे शेजारच्या पोराकडून लिहून घ्यायचे. “दुसऱ्यानं लिहिलेला हिशेब दुसऱ्याचाच असतोय,” ते म्हणाले.

आता ते स्वतः लिहितात, तेही तोंडाने! मुलीने आयपॅड आणून दिला. त्यात २०१९ पासून व्हॉइस कंट्रोल नावाची सोय आहे. सेटिंग्जमधील अ‍ॅक्सेसिबिलिटीत ती सापडते. सुरुवातीला एक फाइल उतरवून घ्यावी लागते, मग आवाज ओळखण्याचे काम टॅब्लेटमध्येच होते; म्हणजे शिवारात रेंज नसली तरी अडत नाही. “शो नंबर्स” म्हटले की पडद्यावरच्या प्रत्येक बटणाशेजारी आकडा येतो आणि “टॅप सेव्हन” म्हटले की सातवे बटण दाबले जाते. आम्ही पाहिले तेव्हा आज्ञा इंग्रजीतच द्याव्या लागत होत्या, पण दहा-बारा शब्दांचे काम. आपल्या माणसाला ते जड नाही. अँड्रॉइडवाल्यांसाठी गूगलचे व्हॉइस अ‍ॅक्सेस २०१८ पासून आहे, तेही आकड्यांवर चालते.

पण सगळेच काम नुसत्या दाबण्याने होत नाही. त्यांच्या हजेरीच्या अ‍ॅपमध्ये नावावर बोट दाबून धरून तसेच उजवीकडे ओढावे लागते. तिथे आकडे कामाला येत नाहीत. मग मुलीने नवीन आज्ञा तयार केली. कोणते शब्द उच्चारायचे ते लिहिले, रिकाम्या पडद्यावर बोट एकदा हवे तसे ओढून दाखवले आणि जतन केले. ही आज्ञा त्या एका अ‍ॅपपुरतीच ठेवता येते. शब्द मात्र दोन-तीन जोडून घ्यावेत. एकटा छोटा शब्द गप्पांत सहज निघतो आणि टॅब्लेट आपला कामाला लागतो. पाहुणे आले की अण्णा आधी “गो टू स्लीप” म्हणून त्याला झोपवतात, आणि ते गेले की “वेक अप”.

इथे एक खाचखळगा आहे, तो नीट ध्यानात घ्या. नोंदवलेले बोट म्हणजे रोजच्या वाटेचा बैल. गाडीवान झोपला तरी तो काट्यावर बरोबर पोचतो. पण वाट खणलेली असली तर गाडीसकट चरात. टॅब्लेटला नाव कळत नाही, फक्त जागा कळते.

एका बुधवारी टॅब्लेट आडवा ठेवलेला होता. पडद्यावरची नावे सरकली, बोट मात्र ठरल्या जागीच पडले. न आलेल्या गड्याची हजेरी लागली, दिवसभर भांगलण केलेल्या बाईची राहिली. बाजारादिवशी पगार वाटताना ती तिथेच उभी राहिली. “अण्णा, माझा बुधवार कुठं गेला?”

अण्णांना ते फार लागले. म्हणाले, “यंत्र चुकलं म्हणून सांगायची सोय न्हाई. हिशेब माझा हाय.”

आता सुताराकडून लाकडी घोडी करून घेतली आहे. टॅब्लेट तीत उभाच राहतो, पडद्याचे फिरणेही बंद केले आहे. अ‍ॅप नवीन झाले की बटणे सरकतात, तेव्हा जुनी खूण पुसून मुलगी पुन्हा नोंदवते. रोज हजेरी लावून झाली की अण्णा नावे मोठ्याने वाचतात आणि बायका बांधावरून ‘व्हय’ म्हणतात. पैसे पाठवायच्या अ‍ॅपचा पिन मात्र त्यांनी यात कधीच नोंदवू दिला नाही, आणि आमच्या मते तेच शहाणपणाचे.

त्या बाईचा बुधवार चुकता झाला. गड्याला गेलेले पैसे अजून परत यायचे आहेत.