शॉट बिघडला? आधी दाणे बघा, मग दाते

चौघांनी काँट्री काढून फ्लॅटवर सेकंड हँड एस्प्रेसो मशीन आणि ग्राइंडर आणलाय. पहिले काही महिने कॉफी झक्कास. मग गडबड सुरू. १८ ग्रॅम पावडरीतून २८ सेकंदांत येणारा ३६ ग्रॅमचा शॉट आता १८ सेकंदांतच कपात. म्हणून ग्राइंड बारीक केला. पुढच्या महिन्यात अजून बारीक. चव अशी की एकाच घोटात आंबटही आणि कडूही. ग्रुपवर लगेच ठराव येतो, ‘नवा ग्राइंडरच घेऊ या!’

जरा थांबा. बहुतेक वेळा ग्राइंडर ठणठणीत असतो, फक्त त्याचे दाते झिजलेले असतात.

ग्राइंडरच्या पोटात दातेरी पोलादी भागांची जोडी असते. त्यांना बर्र म्हणतात. एक स्थिर, दुसरा फिरणारा. धार असेल तर दाणा कापला जातो, धार गेली की चिरडला जातो. मग पावडरीत जाडे कण आणि पिठासारखी धूळ, दोन्ही वाढतात. फ्रेंच प्रेसमध्ये हे बऱ्यापैकी खपून जातं. एस्प्रेसोत पाणी साधारण ९ बार दाबाने येतं आणि पावडर जिथे सैल असेल तिथूनच वाट काढतं. तिथली कॉफी जास्त उतरते, बाकीची अर्धवट राहते.

पण शॉट वेगात पडला म्हणजे बर्र गेलेच, असंही नाही. शिळ्या दाण्यांनीही हेच होतं. त्यामुळे आधी पाकिटावरची रोस्टची तारीख बघा, ताजे दाणे आणा. मग ग्राइंडरचा प्लग काढून आत साचलेला तेलकट थर कोरड्या ब्रशने साफ करा. तरीही फरक नाही, दळायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतोय, पावडरीच्या गुठळ्या होताहेत? मग बर्र बाहेर काढा आणि दात्याच्या कडेवर नख अलगद फिरवा. धारदार कड नखाला अडकते, झिजलेली गुळगुळीत लागते. दाण्यांतून खडा गेला असेल तर तुटलेला दाता डोळ्यांनाच दिसेल.

आता थोडं गणित. रोज दोन शॉट पिणारा एक जण वर्षाला साधारण १३ किलो दाणे दळतो. रोज ३ किलो दळणारा कॅफे महिन्याला ९० किलो. म्हणजे घरातली सात वर्षं तिथे एका महिन्यात उरकतात! सेकंड हँड ग्राइंडर घेताना ‘किती वर्षं वापरला?’ हा प्रश्नच चुकीचा. कुठे वापरला आणि किती किलो दळले, ते विचारा.

आपल्याकडे जातं नीट दळेना झालं की त्याला टाकी लावून घेत. छिन्नीने दगडावर पुन्हा खाचा पाडायच्या. स्टीलच्या बर्रवर मात्र घरी कानस चालवू नका. जोडीच बदलायची, तीही दोन्ही एकदम. नव्या ग्राइंडरच्या मानाने ती बरीच स्वस्त पडते. ऑर्डर करताना मॉडेल नंबर द्या. ६४ मिलिमीटरच्या दोन जोड्यांतही स्क्रूची भोकं वेगळी असू शकतात.

बसवताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे बर्रखालची जागा. तिथे पावडरीचा एक कण राहिला तरी बर्र तिरका बसतो आणि सगळी मेहनत वाया. स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. काही मॉडेलमध्ये मधल्या नटाचे आटे उलटे असतात, त्यामुळे उगाच ताकद लावू नका. आणि पाण्याने धुवायचं नाही, गंज धरतो.

जुना सेटिंग नंबर आता विसरा. जाड्या सेटिंगपासून सुरुवात करून हळूहळू बारीक करत या. सुरुवातीला चव रोज थोडी बदलेल, नवे दाते बसायला वेळ लागतो. तोवर महागडे दाणे पाकिटातच असू द्या.