कृत्रिम हाडाची भुकटी आणि आमची दाढ

दोन वर्षांपूर्वी आमची खालची उजवी दाढ काढली. जखम भरली, ठणका गेला आणि आम्ही निर्धास्त झालो. वर्षाने तेथे टायटॅनियमचा खुंट रोवून नवी दाढ बसवून घ्यावी म्हणून गेलो, तेव्हा स्कॅन पाहून डॉक्टर म्हणाले, "खुंट रोवण्याइतके रुंद हाड उरलेच नाही." दाढ काढणाऱ्यांनी हे आम्हांस सांगितले नव्हते, आणि जन्मभर मुलांना प्रश्न विचारावयास शिकविणाऱ्या आम्हीही तेव्हा काही विचारले नव्हते!

दात गेला की त्यास धरून ठेवणारे हाड झिजू लागते. वर्षभरात त्याची रुंदी सुमारे निम्म्याने घटू शकते, त्यातही बरीच घट पहिल्या तीन महिन्यांत होते. दात काढताच रिकाम्या खोबणीत कृत्रिम हाडाची भुकटी भरली, तर ही झीज पुष्कळ आवरते. अजिबात थांबते असे मात्र नाही.

ही भुकटी बहुधा हायड्रॉक्सीअपटाइट किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट यांची असते. दोन्ही कॅल्शियम व फॉस्फेटचे क्षार, आपल्या हाडातील क्षारांच्या जवळचे. पण भुकटी म्हणजे हाड नव्हे. घोसाळ्याच्या वेलास परसात मांडव घालतात, तसा हा मांडव. तिच्या कणांमधील पोकळ्यांतून रक्तवाहिन्या शिरतात, पाठोपाठ हाडाच्या पेशी येतात, आणि हाड घडविते ते आपलेच शरीर. ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचा मांडव हळूहळू विरून जातो. हायड्रॉक्सीअपटाइटचा वर्षानुवर्षे टिकतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या आणि मधुमेह आटोक्यात नसणाऱ्यांच्या तोंडात हा वेल नीट चढत नाही.

आमच्या घरी पहिला प्रश्न निघाला तो निराळाच: "हे हाड कोणत्या जनावराचे?" प्रश्न रास्त आहे, कारण गाय, बैल वा डुकराच्या हाडापासून केलेली द्रव्येही दंतवैद्य वापरतात. कृत्रिम भुकटीत प्राण्याचा अंश नसतो. मात्र तिच्यात जिवंत पेशीही नसतात. म्हणून झीज फार असल्यास रुग्णाच्याच जबड्यातून हाड काढून लावण्याचा सल्ला डॉक्टर देतात.

आमचे तेवढ्यावर निभावले नाही, पण भुकटीवर निभावले. हिरडी उघडून हाडाच्या कडेला ती रचली, वर पातळ पडदा ठेवला आणि टाके घातले. खोबणीत वेळीच भरली असती तर काम लहान होते, खर्चही. वाचकांपैकी कोणाचा दात काढावयाचा असेल, तर खुर्चीत बसण्यापूर्वीच विचारावे. हाडे ठिसूळ होण्यावरील औषध चालू असल्यास तेही सांगावे.

टाके निघाले आहेत. खुंटासाठी आणखी पाच महिने थांबावयाचे आहे. तोवर आमची भाकरी डाव्या बाजूने.