धावांचे वजन, धावांची प्रत

पुण्यात मंडईच्या कट्ट्यावर राजकारणाचा निकाल जसा मतदानाआधी लागतो, तसा क्रिकेटचा संघही निवड समितीच्या बैठकीआधी ठरतो. 'मंडई विद्यापीठ' हे नाव काही उगाच पडलेले नाही. या विद्यापीठातली एक तक्रार मात्र पिढ्यान्‌पिढ्या तीच आहे: आपल्या पोराने रणजीत ढिगाने धावा केल्या, तरी त्याला भारताच्या संघात घेत नाहीत. नाव बदलते. कधी निंबाळकर, कधी भावे, कधी आणखी कोणी. तक्रारीचा सूर बदलत नाही.

या तक्रारीत तथ्य किती आणि भावना किती, हे तपासायचे तर आधी एक प्रश्न सोडवावा लागतो. खालच्या स्तरावर काढलेल्या धावांवरून वरच्या स्तरावरचा फलंदाज ओळखता येतो का? येत असेल तर कसा?

उत्तराची सुरुवात मंडईतूनच करता येईल. गाळ्यावरचा माणूस काट्यावर वजन पाहतो, पण भाव काही नुसत्या वजनावर सांगत नाही. माल कुठला, आजचा की कालचा, आवक किती, हेही तो पाहतो. दोन किलो वांगी आणि दोन किलो वांगी यांच्या भावात दुपटीचा फरक असू शकतो. धावांचेही तसेच आहे. धावफलक वजन सांगतो, प्रत सांगत नाही.

पुण्याच्या खेळपट्टीवरचे दशक

1939 ते 1949 या दहा वर्षांत पुण्यात जेवढ्या धावा निघाल्या, तेवढ्या तेव्हा जगात फार थोड्या ठिकाणी निघाल्या असतील. 1939-40 च्या मोसमात विजय हजारे यांनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद 316 धावा केल्या. पुढच्याच मोसमात प्रा. दि. ब. देवधरांनी मुंबईविरुद्ध 246 धावा काढल्या. महाराष्ट्राच्या 675 ला मुंबईने 650 चे उत्तर दिले. ही दोन्ही वर्षे देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला.

डिसेंबर 1948 मध्ये पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनी काठेवाडविरुद्ध नाबाद 443 धावा केल्या. भांडारकरांबरोबर त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी 455 धावांची भागीदारी केली. महाराष्ट्राच्या 4 बाद 826 धावा झाल्या होत्या, आणि ब्रॅडमनचा 452 चा जागतिक विक्रम अवघ्या नऊ धावांवर होता. त्याच वेळी सुट्टीत काठेवाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, सामना सोडून दिला. विक्रम राहिला तो राहिलाच. निंबाळकर पुढे एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत.

आता त्याच मोसमातली दुसरी नोंद पाहू. पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात उपांत्य सामना झाला. मुंबईने 651 आणि 8 बाद 714, तर महाराष्ट्राने 407 आणि 604 धावा केल्या. एकूण 2,376 धावा आणि नऊ शतके! अशा खेळपट्टीवर शतक ही वेगळी ओळख राहत नाही. ज्याने काढले नाही, त्यालाच विचारावे अशी स्थिती असते.

म्हणून निंबाळकरांची 443 ही खेळी छोटी ठरते का? नाही. चारशेच्या पुढे जाणे कोणत्याही खेळपट्टीवर सोपे नसते. एकाग्रता, दम आणि धावांची भूक त्यातून नक्की दिसते. पण जलद गोलंदाजाचा उसळता चेंडू हा फलंदाज कसा खेळेल, याचे उत्तर त्या खेळीत नव्हते, कारण तो प्रश्न तिथे कोणी विचारलाच नव्हता.

अमेरिकेने काढलेले कोष्टक

हाच प्रश्न अमेरिकेतल्या बेसबॉलला आपल्यापेक्षा जास्त रोखठोकपणे सोडवावा लागला, कारण तिथे त्यावर थेट पैसा लागलेला असतो. मेजर लीगमध्ये 30 संघ आहेत. प्रत्येकाच्या हाताखाली चार पायऱ्यांचे चार संघ असतात: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. पोरगा पायरी पायरीने वर चढतो. त्याला वर कधी बोलवायचे, हे त्याचा मालक संघच ठरवतो.

पूर्वी तिथेही असा समज होता की खालच्या लीगमधल्या आकड्यांना अर्थ नसतो. बिल जेम्स या अभ्यासकाने 1985 मध्ये तो खोडून काढला. त्याचे म्हणणे असे, की हे आकडे खोटे नसतात, ते फक्त दुसऱ्या चलनातले असतात. दराने गुणले की ते वरच्या लीगच्या चलनात येतात. लीगचा दर्जा काय, मैदान कसले, तिथे सरासरी किती धावा निघतात, हे हिशेबात धरून कापणी केली, तर उरलेला आकडा फलंदाजाचे भवितव्य चांगले सांगतो. अल्बुकर्की हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो. तिथला मोठा आकडा पाहून कोणी हुरळत नाही, आणि समुद्रकाठच्या जड हवेतला मध्यम आकडा कोणी फेकूनही देत नाही.

या कोष्टकात आणखी एक रकाना महत्त्वाचा आहे, तो म्हणजे वय. ट्रिपल-एमध्ये विशीतल्या पोराने केलेली कामगिरी आणि अठ्ठावीस वर्षांच्या खेळाडूने केलेली तितकीच कामगिरी सारखी धरत नाहीत. पहिला अजून वाढतो आहे, दुसरा बहुधा पूर्ण वाढलेला आहे.

एक सामना, तीन डाव

आपल्याकडे हे सगळे एकाच सामन्यात पाहायला मिळाले. 2016-17 च्या मोसमात क्रिकेट मंडळाने रणजी सामने त्रयस्थ मैदानांवर खेळवले. घरच्या संघाला सोयीची खेळपट्टी मिळू नये हा हेतू होता. महाराष्ट्र आणि दिल्ली यांचा सामना मुंबईच्या वानखेडेवर झाला. महाराष्ट्राच्या स्वप्निल गुगळेने नाबाद 351 आणि अंकित बावणेने नाबाद 258 धावा केल्या. दोघांची अभंग भागीदारी 594 धावांची झाली. उत्तरादाखल दिल्लीच्या ऋषभ पंतने 308 धावा काढल्या.

खेळपट्टी तीच, सामना तोच. म्हणजे मैदानाचा रकाना तिघांनाही सारखा. पण पंत तेव्हा नुकताच एकोणीस वर्षांचा झाला होता आणि त्याच्या 308 धावा 326 चेंडूंत आल्या होत्या. गुगळे पंचविशीत होता आणि त्याने पाचशेहून अधिक चेंडू घेतले. बावणे तेविशीचा होता. पुढच्या काही महिन्यांत पंत भारताच्या टी-ट्वेन्टी संघात आला आणि 2018 मध्ये कसोटीतही. गुगळे आणि बावणे यांच्या वाट्याला तो योग आला नाही.

मंडईत याला पक्षपात म्हटले जाईल. निवडकर्त्याच्या खुर्चीतून पाहिले तर वय आणि वेग हे दोन रकाने पंतच्या बाजूने उघडपणे झुकलेले दिसतात. मात्र वयाचा रकाना देव मानला तरी फसगत होते. 1932 मध्ये भारत पहिली कसोटी खेळला, तेव्हा देवधर चाळिशीचे म्हणून बाहेर राहिले. त्यानंतर आठ वर्षांनी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी मुंबईविरुद्ध त्या 246 धावा काढल्या. कोष्टक शंभरांतल्या नव्वदांबद्दल खरे बोलते. उरलेले दहा हाडामांसाचे असतात.

सरासरीचा सापळा

बेसबॉलमधला नियमित फलंदाज एका हंगामात पाचशे-सहाशे वेळा फलंदाजीला उभा राहतो. रणजीच्या साखळीत फलंदाजाला जेमतेम दहा-बारा डाव मिळतात. एवढ्याशा नमुन्यात एक मोठा डाव सगळे चित्र रंगवून टाकतो. समजा, एखाद्याने दहा डावांत 600 धावा केल्या आणि त्यातल्या 300 एकाच डावात आल्या. सरासरी 60 दिसते. तो डाव वगळला तर नऊ डावांत 300, म्हणजे सरासरी 33. त्यात दोन वेळा नाबाद राहिला असेल तर आकडा आणखी फुगतो.

म्हणूनच एका मोसमापेक्षा सलग मोसमांना किंमत द्यायला हवी. मुंबईचा सर्फराज खान सलग मोसमांत शंभराच्या पुढच्या सरासरीने खेळला, तरी त्याला कसोटीची टोपी मिळायला फेब्रुवारी 2024 उजाडले. राजकोटला पहिल्याच सामन्यात त्याने 62 आणि नाबाद 68 धावा केल्या. इतकी वर्षे काट्यावर ठेवलेला माल उत्तम प्रतीचा निघाला. प्रश्न एवढाच उरतो, की काट्यावर इतका वेळ का ठेवला?

जागा कुठे आहे?

याचे एक उत्तर फलंदाजाच्या हातात नसते. भारताच्या कसोटी संघात खरे फलंदाज सहा. त्यात जागा रिकामी व्हावी लागते. निंबाळकरांनी 443 केल्या, त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात होता. त्या मालिकेत रुसी मोदींनी 560 आणि हजारेंनी 543 धावा केल्या. कोणाला काढायचे?

पन्नास वर्षांनंतरही गणित तेच होते. मुंबईच्या अमोल मुझुमदारने रणजी पदार्पणातच 260 धावा केल्या आणि प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा जमवल्या. पण मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण ठाण मांडून होते. महाराष्ट्राचा सलामीवीर सुरेंद्र भावे अठ्ठावन्नच्या सरासरीने जवळपास आठ हजार धावा करूनही कसोटीविना राहिला. पुढे तो स्वतः राष्ट्रीय निवडकर्ता झाला, आणि मुझुमदार 2025 मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक. क्रिकेटची समज कमी होती असे या दोघांबद्दल कोण म्हणेल?

पुण्याच्या फलंदाजाला त्यात आणखी एक गाळणी असते. दुलीप करंडकाच्या जुन्या रचनेत तो पश्चिम विभागाचा. म्हणजे देशाशी स्पर्धा करण्याआधी त्याला मुंबईशी करावी लागे, आणि 1958-59 पासून सलग पंधरा वर्षे रणजी करंडक मुंबईकडेच होता.

जागा असूनही दार बंद ठेवण्याचा प्रकार मात्र अमेरिकेतला. 2015 मध्ये शिकागो कब्जने क्रिस ब्रायंट या तयार फलंदाजाला मोसमाच्या सुरुवातीचे काही दिवस खालीच ठेवले. त्यामुळे त्याची नोंद 172 ऐवजी 171 दिवसांची झाली आणि संघाला त्याच्यावर आणखी एका वर्षाचा हक्क मिळाला. त्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला. तिथला अन्याय हिशेबी असतो, आपल्याकडचा बहुधा अबोल.

मधली पायरी

यावर सापडलेला सर्वांत चांगला उपाय म्हणजे भारत 'अ' संघ. नोव्हेंबर 2017 मध्ये गहुंजेच्या मैदानावर कर्नाटकच्या मयंक अगरवालने महाराष्ट्राविरुद्ध नाबाद 304 धावा केल्या. त्याला लगेच कसोटीत घेतले नाही. आधी 'अ' संघातून इंग्लंडला पाठवले, घरच्या मैदानावर दक्षिण आफ्रिका 'अ' विरुद्ध खेळवले. म्हणजे पुण्याच्या धावा दुसऱ्या चलनात वठतात का, ते पाहिले. डिसेंबर 2018 मध्ये दोन सलामीवीर अपयशी ठरले आणि तिसरा जायबंदी झाला, तेव्हा मयंक मेलबर्नला उतरला आणि पहिल्याच डावात 76 धावा करून आला. वजन होते, प्रत पारखलेली होती, जागा रिकामी झाली. तिन्ही जुळले.

निंबाळकरांच्या काळात ही पायरी नव्हती. पण हजारेंचे उदाहरण विसरता येत नाही. त्यांच्या 316 याही पुण्याच्याच मऊ खेळपट्टीवरच्या. महायुद्धामुळे त्यांची पहिली कसोटी 1946 पर्यंत लांबली. जानेवारी 1948 मध्ये ॲडलेडला, लिंडवॉल आणि मिलरसमोर, त्यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली. त्याच शहरात पिकलेला माल जगाच्या बाजारात अव्वल ठरला. निंबाळकरांचा तसा ठरला असता का? सांगता येत नाही, कारण कोणी विचारलेच नाही. कोष्टक शक्यता सांगते, निकाल संधीच सांगते.

थांबण्याची किंमत

या साऱ्या हिशेबाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस उभा असतो. 2021 मध्ये ठरलेल्या दरांनुसार चाळीसहून अधिक सामने खेळलेल्या रणजीपटूला दिवसाला 60,000 रुपये मिळतात, म्हणजे चार दिवसांच्या सामन्याचे 2,40,000. कसोटीचे मानधन 15,00,000. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट वर्षांची आहे. केदार जाधवने 2013-14 मध्ये 1,223 धावा करून महाराष्ट्राला अंतिम फेरीत नेले आणि एकोणतिसाव्या वर्षी त्याला भारताकडून एकदिवसीय सामना खेळायला मिळाला. फलंदाजाचा ऐन बहर तेव्हा निम्मा सरलेला असतो.

म्हणून मागणी 'आमच्या पोराला घ्या' अशी नसावी. खेळपट्ट्या समतोल असाव्यात, 'अ' संघाचे दौरे वाढावेत, आणि सलग तीन मोसम धावा करणाऱ्याला काय कमी पडते ते निवड समितीने स्पष्ट सांगावे, एवढे मागितले पाहिजे. उसळत्या चेंडूवर कमी पडतोस, असे पंचविसाव्या वर्षी सांगितले तर खेळाडू त्यावर काम करू शकतो. तिशीत नुसते कळून उपयोग नसतो. मंडईत माल परत करणारा गिऱ्हाईकसुद्धा कारण सांगून परत करतो.