इंग्रजी क्रियापद : मुख्य आणि सहायक

सोव्हिएत संघाशी 1955 साली करार झाला आणि दुर्ग जिल्ह्यात भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हा मध्य प्रदेशात असलेला हा मुलूख 2000 सालापासून छत्तीसगड राज्यात आहे. देशाच्या नाना प्रांतांतून लोक येथे आले. त्यांत मराठी कुटुंबेही होती. घरात मराठी, बाजारात हिंदी, भोवतालच्या खेड्यांत छत्तीसगढी आणि यंत्राच्या कागदपत्रांत इंग्रजी, असा हा भाषांचा मेळा.

अशा ठिकाणी व्याकरण केवळ परीक्षेपुरते राहत नाही. झोतभट्टीतून लोखंडाचा तप्त रस बाहेर सोडण्याच्या क्रियेला इंग्रजीत ‘टॅप’ हे क्रियापद आहे. ‘द फर्नेस हॅज बीन टॅप्ड’ म्हणजे रस काढून झाला. ‘इज बीइंग टॅप्ड’ म्हणजे तो या क्षणी वाहत आहे. ‘विल बी टॅप्ड’ म्हणजे अजून काढावयाचा आहे. तिन्ही ठिकाणी मुख्य क्रियापद एकच, त्याचे रूपही एकच. जवळ जावे की दूर राहावे, हे ठरते ते त्याच्या आधी आलेल्या लहानशा पदांवरून. या पदांना सहायक क्रियापदे म्हणतात. नाव सहायकाचे, पण जबाबदारी केवढी!

क्रियेचा अर्थ ज्यात असतो ते मुख्य. काळ, प्रयोग, शक्यता, प्रश्न, निषेध यांचा भार वाहते ते सहायक. मराठीला ही व्यवस्था परकी नाही. ‘पायाला ठेच लागली’ यात ‘लागणे’ मुख्य आहे. ‘मुले खेळू लागली’ यात तेच ‘खेळणे’ या क्रियेचा केवळ आरंभ दाखवते. शब्दाचे पद वाक्यात ठरते, कोशात नव्हे.

इंग्रजीत ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’ ही बहुधा सहायकाचेच काम करतात. त्यांचा फारसा त्रास नाही. घोटाळा होतो तो ‘बी’, ‘हॅव’ आणि ‘डू’ या तिघांपाशी. ‘शी हॅज अ लॅम्प’ यात ‘हॅज’ मुख्य, कारण दिवा तिच्याजवळ असणे हाच तेथे अर्थ आहे. ‘शी हॅज लिट अ लॅम्प’ यात मुख्य ‘लिट’ आणि ‘हॅज’ त्याचा साथीदार. ‘डझ ही डू द वर्क?’ या वाक्यात तर एकच शब्द दोन वेषांत येतो : पहिला प्रश्नापुरता, दुसरा खरोखर काम करणारा.

प्रश्न करताना जे कर्त्याच्या आधी जाते ते सहायक, अशी खूण शाळेत सांगतात. खूण चांगली आहे, पण पुरती नव्हे. ‘इज ही रेडी?’ यात ‘इज’ पुढे गेले, तरी ते मुख्यच आहे; दुसरे क्रियापद तेथे नाहीच. जुन्या ब्रिटिश वळणाचे ‘हॅव यू अ पेन?’ हेही तसेच. म्हणून स्थान पाहण्याआधी वाक्यात दुसरे क्रियापद आहे काय, हे पाहावे.

मराठी माणसाची खरी अडचण मात्र निराळीच. ‘ती गेली होती’, ‘ते गेले होते’ : येथे लिंगवचनाची खूण दोन्ही पदांवर उमटते आणि दोन्ही भूतकाळी वाटतात. हीच सवय इंग्रजीत नेली, की ‘डिड ही वेंट?’ असे वाक्य तोंडून जाते. हे अज्ञान नव्हे, मातृभाषेचा संस्कार आहे. इंग्रजी काळाची खूण एकदाच घेते आणि ती ओळीतल्या पहिल्या पदावर ठेवते. ‘डिड’ने भूतकाळ उचलला, की मुख्य क्रियापद आपल्या मूळ रूपात मोकळे होते : ‘डिड ही गो?’ ‘हॅव’च्या मागे मात्र मूळ रूप चालत नाही आणि ‘वेंट’ही नाही, तेथे ‘गॉन’ लागते.