विचलित वर्तन

समाजमान्य नियमांचे, संकेतांचे वा मूल्यांचे उल्लंघन करणारे व त्यामुळे निषेधास किंवा शिक्षेस पात्र ठरणारे वर्तन, म्हणजे विचलित वर्तन होय. गुन्हा हा त्याचा एक प्रकार आहे. परंतु सर्वच विचलित वर्तन गुन्हा नसते आणि प्रत्येक गुन्ह्याकडे समाज विचलन म्हणून पाहतोच असे नाही. कर चुकविणारा गृहस्थ गावात प्रतिष्ठित म्हणून वावरू शकतो.

विचलनाचे निकष स्थलकालानुसार बदलतात. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये एका विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. १९५८ मध्ये त्याच कर्व्यांना ‘भारतरत्न’ हा किताब देण्यात आला. म्हणून विचलन आणि विकृती हे शब्द समानार्थी मानणे चुकीचे ठरते.

विचलनाची कारणे प्रथम व्यक्तीच्या शरीररचनेत वा आनुवंशिकतेत शोधली गेली. एमील द्यूरकेम याने १८९५ मध्ये गुन्हा ही प्रत्येक समाजात आढळणारी सामान्य घटना असल्याचे प्रतिपादन केले. रॉबर्ट मर्टन याच्या मते (१९३८) समाज जी उद्दिष्टे सर्वांपुढे ठेवतो, ती गाठण्याची वैध साधने मात्र सर्वांना उपलब्ध नसतात; ह्या विसंगतीतून विचलन संभवते. एडविन सदरलँड याने गुन्हेगारी ही सहवासातून शिकली जाते, ह्यावर भर दिला. पुढे एडविन लेमर्ट (१९५१) व हॉवर्ड बेकर (१९६३) यांनी प्रश्नच उलट बाजूने मांडला. पहिला नियमभंग कोणत्याही कारणाने घडो. त्यानंतर समाज त्या व्यक्तीवर जो शिक्का मारतो, त्यामुळे तिचे सरळ मार्ग बंद होतात आणि ती त्या शिक्क्यानुरूपच आपले जीवन रचू लागते.

हा विचार मांडला जाण्यापूर्वीच भारतात त्याचा दारुण प्रत्यय आला होता. ब्रिटिश शासनाने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. उत्तर हिंदुस्थानात प्रथम लागू झालेल्या ह्या कायद्याची व्याप्ती १९११ मध्ये सर्व ब्रिटिश भारतापर्यंत वाढविण्यात आली. एखादी जमात गुन्हेगार असल्याची अधिसूचना निघाली, की तिच्या वैधतेस न्यायालयात आव्हान देता येत नसे. जमातीतील व्यक्तींची नोंदणी होई, त्यांना ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे व परवान्यावाचून नेमलेले क्षेत्र सोडता येत नसे. मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याची तरतूदही १८९७ च्या दुरुस्तीने करण्यात आली. म्हणजे कृत्य घडण्यापूर्वीच, केवळ जन्मावरून, व्यक्ती अपराधी ठरत असे.

ह्यांपैकी अनेक समूहांच्या उपजीविकेचा इतिहास पाहिला, तर जन्मजात गुन्हेगारीची कल्पना टिकत नाही. बैलांच्या तांड्यांवरून धान्य व मीठ यांची वाहतूक करणाऱ्यांचा व्यापार नव्या सडका व लोहमार्ग यांमुळे बुडाला, तर वनविषयक कायद्यांनी जंगलावर जगणाऱ्यांची साधने हिरावून घेतली. त्यांना पर्याय देण्याऐवजी शासनाने त्यांच्यावर पहारा बसविला. सोलापूर येथे ह्या जमातींची कुंपणबंद वसाहत होती व तेथील लोक कापडगिरण्यांत मजुरी करीत. शहराचा तो भाग अद्यापही ‘सेटलमेंट’ ह्या नावानेच ओळखला जातो.

मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये व देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि ह्या जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. तथापि त्याच्या जागी निरनिराळ्या राज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा आहे. हे कायदे व्यक्तीपुरते असले, तरी पोलिसांचा संशय जातीमागे चालतच राहिला. चोरी झाली की प्रथम कोणत्या वस्तीवर धाड पडते, हे लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) ह्या आत्मकथनाच्या वाचकांस ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग-नियमावल्यांतील जातिभेदमूलक तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या व विमुक्त जमातींतील व्यक्तींना मनमानी अटक होणार नाही, ह्याची दक्षता घेण्याचे आदेश पोलिसांस दिले. कायदा रद्द होऊन तेव्हा ७२ वर्षे लोटली होती.

सदिच्छेने केलेला प्रतिबंधही नेहमी फलद्रूप होतोच असे नाही. अमेरिकेतील केंब्रिज-सॉमरव्हिल प्रकल्पात १९३९ पासून सुमारे अडीचशे मुलांना समुपदेशन, शिकवणी, वैद्यकीय मदत व उन्हाळी शिबिरे यांचा लाभ देण्यात आला. तितकीच मुले तुलनेसाठी मदतीविना ठेवली होती. जोन मकॉर्ड यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, मदत मिळालेल्यांची स्थिती काही बाबतींत उलट अधिक वाईट आढळली. ती का, ह्याविषयी मतभेद आहेत. परंतु परिणाम मोजल्याशिवाय कोणत्याही उपक्रमास प्रतिबंधक म्हणू नये, एवढे त्यावरून निश्चित होते.

भारतातील २०१५ च्या बालन्यायविषयक कायद्याने शिक्क्याचा धोका ओळखलेला दिसतो. बालकाबाबत कलंकसूचक शब्द वापरू नयेत आणि त्याला आयुष्याचा नवा आरंभ करता यावा, ही त्यातील तत्त्वे आहेत. दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रताही बालकास लागू होत नाही. मात्र घृणास्पद गुन्ह्याचा आरोप असलेल्या सोळा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना, प्राथमिक मूल्यमापनानंतर, प्रौढांप्रमाणे खटल्यास सामोरे जावे लागू शकते व तसा खटला चालून दोषी ठरलेल्यांना ह्या संरक्षणातून वगळले आहे.