सूर जपायचा, तर नोंद ठेवायची

या पानावर मी एरवी हुमणी, बीजप्रक्रिया, नाहीतर अनुदानाच्या अर्जाबद्दल लिहितो. आज मेंडोलिनबद्दल लिहिणार आहे. "साहेब, डोकं ठिकाणावर आहे ना?" असं तुम्ही म्हणाल. आहे. शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा.

मागच्या महिन्यात एका गावात सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक होतं. ते उरकेपर्यंत दिवस मावळला, म्हणून मारुतीच्या देवळात भजनाला बसलो. ऐंशीच्या घरातल्या एका बुवांनी अशी चाल लावली की अंगावर काटा आला. शेजारचा गडी म्हणाला, "ही चाल आता फक्त बुवांनाच येते." मी विचारलं, "रेकॉर्ड करून ठेवलीय का?" तो म्हणाला, "करू की, कुठं पळून जातीय!"

हेच वाक्य एके काळी माझ्याही तोंडी होतं. त्याची किंमत मी मोजली आहे, म्हणून हा लेख.

नारायण पेठेतला वाडा

कृषी पदविका झाल्यावर २००९ साली स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी मी पुण्याला गेलो. नारायण पेठेत, केसरीवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, एका जुन्या वाड्यात कॉट बेसिसवर राहिलो. खालच्या खोलीत टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका राहायचे. तरुणपणी गणेशोत्सवातल्या मेळ्यात त्यांनी मेंडोलिन वाजवलं होतं. रोज संध्याकाळी ते तासभर वाजवत. मी पायरीवर बसून ऐकायचो. पंधरा दिवसांनी ते म्हणाले, "नुसतं ऐकतोस काय? आत ये, धर."

हे वाद्य मूळचं इटलीचं. आठ तारा, पण त्या दोन-दोनच्या चार जोड्या. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात लावायच्या. एका जोडीचा सूर 'सा' धरला, तर पुढची जोडी त्याच्या 'प'वर. व्हायोलिनचीही लावणी अशीच असते. तार छेडली की आवाज लगेच विरतो. म्हणून पिक नावाची प्लॅस्टिकची छोटी पट्टी तारेवर भराभर वर-खाली फिरवून सूर लांबवायचा. ती थरथर जमायला मला चार महिने लागले.

आपल्याकडे हे वाद्य सिनेमाने घरोघर नेलं. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर (१९३७–१९९८) हे आपले मराठी गृहस्थ. घरच्या गरिबीत मेंडोलिन वाजवून त्यांनी सुरुवात केली. 'पारसमणी' (१९६३) पासून संगीतकार म्हणून जोडीचं नाव झालं. 'रुस्तम सोहराब' (१९६३) चे संगीतकार सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) हेही मेंडोलिनचे मोठे वादक. पडद्यांच्या या वाद्यावर मींड काढणं कठीण. तरी आंध्रच्या यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी विजेच्या मेंडोलिनवर पाच सुट्या तारा लावून कर्नाटक संगीत वाजवलं आणि १९९८ साली पद्मश्री मिळवली. काका मात्र हौशी. तिकीट लावून कार्यक्रम त्यांनी कधी केला नाही.

आंतरपिकाचा नियम

भजनाची चाल एकट्या मेंडोलिनवर वाजवली की ओकीओकी वाटते. काकांनी त्यावर मांडणी शिकवली. आधी तबल्याचा ठेका. त्यावर खालच्या जाड तारांवर सा-प संथ चालू ठेवायचं. मग वरच्या तारांवर चाल. दोन ओळींच्या मधे जागा राहते, तिथे चार सुरांची छोटी जागा भरायची. गाणारा श्वास घेतो तिथे वाद्याने बोलायचं, गाणारा गातो तिथे मागे राहायचं. आपल्या आंतरपिकाचं असंच आहे. तुरीत मूग घ्या, पण मुख्य पिकावर सावली पडता कामा नये.

काकांकडे टेपरेकॉर्डर होता. "स्वतःचं वाजवणं टेप करून ऐक," असा त्यांचा हट्ट. मला वाटायचं, माझी लय पक्की आहे. कॅसेट ऐकली तर सोप्या जागी मी पळत होतो आणि अवघड जागी बैल बसावा तसा बसत होतो. वाजवताना हे कळत नाही. वहीत न लिहिलेला खर्च कमीच वाटतो ना, तसंच.

लाल बटण

आता माझी चूक सांगतो. एका संध्याकाळी कोऱ्या कॅसेटी संपल्या होत्या. काका बाहेर गेलेले. फडताळात एक बिनचिठ्ठीची कॅसेट सापडली. मी ती घातली, लाल बटण दाबलं आणि माझा रियाज टेप केला. साठ मिनिटांची कॅसेट, एक बाजू तीस मिनिटांची. मी सव्वीस मिनिटं वाजवलं.

काका आले, ऐकू लागले. माझा रियाज संपला आणि पुढे एकदम पेटी, तबला आणि एक सुरेख मेंडोलिन सुरू झालं. मेळ्यातली जुनी मंडळी एकदा एका घरी जमली होती, त्या बैठकीचं ते टेपिंग. मेंडोलिन चाळिशीतल्या काकांचं. पेटीवाले आणि तबलजी दोघंही तोवर वारले होते. उरली होती ती चार मिनिटं.

काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "पाकळी मोडायची माझ्याकडून राहिली." कॅसेटच्या वरच्या कडेला प्लॅस्टिकची बारीक पाकळी असते. ती मोडली की त्या बाजूवर चुकून पुन्हा टेप होत नाही. मग मी ठरवलं, काकांकडून सगळं पुन्हा वाजवून घेऊ. पण परीक्षा होती, मग नोकरी लागली, मग बदली झाली. "कुठं पळून जातंय" म्हणत राहिलो. काका गेले.

तुम्ही काय करावं

आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, खर्च काही नाही. फक्त एवढं पाळा.

वेळ पहाटेची किंवा रात्रीची घ्या. पंखा बंद ठेवा आणि फोन विमान मोडवर टाका, नाहीतर मधेच घंटी वाजते. खोली घुमत असेल तर भिंतीवर दोन गोधड्या टांगा. फोन वाद्यापासून हातभर अंतरावर, जरा तिरका ठेवा. आधी अर्धा मिनिट घेऊन ऐका. आवाज फाटत असेल तर फोन मागे सरकवा. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, म्हणून तारा दरवेळी नव्याने लावून घ्या.

सुरुवातीलाच तारीख, गाव, गाणाऱ्याचं नाव आणि चाल कुणाकडून आली ते तोंडाने बोला. ही झाली तुमची चिठ्ठी. मग दोन प्रती करा, एक फोनमध्ये आणि एक दुसऱ्या घरी पेनड्राइव्हवर. ही झाली मोडलेली पाकळी. घरात जुन्या कॅसेटी असतील तर टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर जोडून त्या संगणकात उतरवून घ्या. ऑडेसिटी नावाची प्रणाली फुकट मिळते. तिच्यात ठेका, साथ आणि चाल वेगवेगळी वाजवून एकत्रही करता येते.

हे हौशी माणसाला झेपणारं काम आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव बायकांसमोर बसून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. जाती थांबली, ओव्या राहिल्या. आपल्याला तर एकाच गावचं करायचंय. भजनी मंडळांनी मनावर घ्यावं, आणि भाऊसाहेबांनी ग्रामपंचायतीच्या संगणकात एक प्रत ठेवावी.

मागच्या गुरुवारी मी त्या गावात परत गेलो. मेंडोलिन बरोबर नेलं. मी सा-प धरून बसलो आणि बुवांनी सात चाली म्हटल्या. टेपिंग त्यांना ऐकवलं. बुवा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "तिसऱ्या चालीत मी चुकलोय, साहेब. परत घ्या."

परत घेतली. तुमच्या गावात कोण आहे, बघा. या आठवड्यातच बघा.